वाडीच्या रंगमंचावर युद्धकैद्यांची छावणी : विनोदी नाटक बसवायचं तर

मे महिन्यात चाकरमानी गावात उतरले आणि मंडळाची सत्यनारायणाची पूजा ठरली की नाटकाचा विषय निघतोच. यंदा युद्धकैद्यांच्या छावणीवरचं विनोदी नाटक करून बघा, असं मी आग्रहाने सांगेन. भरपूर पात्रं, एकच सेट, पोरांना वर्दी, सुताराला डोकं चालवायला काम. पण विषय विस्तवासारखा आहे, कुठे धरायचा ते आधी ठरवायला हवं. मी शिवणकाम करते, कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या हौशी मंडळांचे नाटकाचे कपडे शिवते आणि आमच्या वाडीचं नाटकही बसवते. कपड्यांबद्दल जरा जास्त लिहिलंय, त्याचं कारण हेच.

तालमी सुरू करण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून 'होगन्स हीरोज' या अमेरिकन मालिकेचे काही भाग बघा. सीबीएस वाहिनीवर १७ सप्टेंबर १९६५ला ती सुरू झाली आणि ४ एप्रिल १९७१ला संपली, एकूण १६८ भाग. दुसऱ्या महायुद्धाचा काळ, जर्मनीतली स्टालाग १३ ही कैदी छावणी. कर्नल होगन आणि त्याचे साथीदार तिथे कैदी आहेत, पण बराकीखाली भुयारांचं जाळं आहे, रेडिओ लंडनशी बोलतो, आणि रात्री बाहेर जाऊन पूल उडवून ही मंडळी पहाटेच्या हजेरीला परत रांगेत उभी. छावणीचा प्रमुख कर्नल क्लिंक, आणि पहाऱ्यावर धिप्पाड सार्जंट शुल्ट्झ.

बघताना पोरं विनोदाच्या वाक्यांकडे लक्ष देतील. तुम्ही त्यांना गोष्टीची बांधणी दाखवा. या कैद्यांना पळायचंच नाही. मनात आणलं तर रोज रात्री जाता येईल, पण त्यांचं काम आतच आहे. क्लिंकला अभिमान कशाचा, तर माझ्या छावणीतून आजवर एकही कैदी पळाला नाही याचा. हा अभिमान होगनच जपतो, कारण क्लिंकची बदली झाली आणि त्याच्या जागी हुशार अधिकारी आला तर सगळं उघड पडेल. म्हणजे कैद्यांनाच आपल्या जेलरची नोकरी वाचवावी लागते. एवढं नीट कळलं की प्रसंग आपोआप सुचायला लागतात.

संहिता मात्र स्वतःची लिहा. नावं वेगळी, कथानक वेगळं. मालिकेतले प्रसंग उचलून मराठीत घालणं बरोबर नाही आणि त्याची गरजही नाही. एक सांगाडा देते. विमान पडून खाली आलेला एक वैमानिक बराकीत लपवलाय. त्याला आज रात्रीच बाहेर काढायचंय आणि आजच कमांडंटकडे बर्लिनहून जनरल जेवायला येतोय. जेवण रांधायला कैद्यांमधलाच आचारी नेमलाय. पहिल्या अंकात वैमानिक लपवणं, दुसऱ्यात जेवणावळ आणि सुटका. दोन तासांचं नाटक यात आरामात बसतं. संहिता वेळेत पूर्ण करा, कारण रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवायला लागते. पोलीस ठाण्याची आणि लाऊडस्पीकरची परवानगीही आधीच काढून ठेवा.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तुमचा कमांडंट एकदाही जिंकता कामा नये. अंकाच्या शेवटी सोडाच, एखाद्या छोट्या प्रसंगातसुद्धा नाही.

हा नियम माझा नाही, क्लिंकची भूमिका करणाऱ्या वेर्नर क्लेम्पररचा आहे. तो जन्माने जर्मन ज्यू, १९२०मध्ये कोलोनला जन्मलेला, विख्यात संगीतकार-संचालक ओटो क्लेम्पररचा मुलगा. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर या कुटुंबाला देश सोडावा लागला. नाझी काळातल्या अधिकाऱ्याची भूमिका घेताना त्याने अट घातली की क्लिंक यशस्वी होताना दिसला तर मी काम सोडेन. ती अट पाळली गेली आणि त्या भूमिकेसाठी त्याला दोनदा एमी पुरस्कार मिळाला. शुल्ट्झ झालेला जॉन बॅनरही ज्यू. १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तो नाटकाच्या दौऱ्यावर स्वित्झर्लंडला होता म्हणून वाचला. घरची माणसं मात्र मारली गेली. क्लिंकचा वरिष्ठ जनरल बुर्कहाल्टर करणाऱ्या लिऑन ॲस्किनचे आई-वडील ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत संपले. ज्यांना पळवून लावलं, ज्यांची घरं उद्ध्वस्त केली, त्यांनीच ती वर्दी चढवून तिचं हसं केलं. म्हणून ते हसू खरं आहे. तुमच्या नटाला हे माहीत असलं की तो क्लिंकसारख्या माणसाला गोंडस करणार नाही. गर्विष्ठ, भित्रा, वरच्यांपुढे लाळघोट्या आणि खालच्यांवर गुरगुरणारा, असाच तो उभा करेल.

आपल्या भागातल्या प्रेक्षकाला हे शिकवावं लागत नाही. दशावतारात आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग, सुरू झाला की काळ्या कपड्यातला संकासुर येतो, ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा राक्षस. तो सूत्रधाराशी मालवणीत हुज्जत घालतो, लहान पोरं घाबरून आईच्या पदरात शिरतात आणि मोठी माणसं खो खो हसतात. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो. तो मरणारच हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच त्याला हसता येतं. कमांडंट करणाऱ्या नटाला जत्रेतला संकासुर पुन्हा एकदा नीट बघून यायला सांगा.

पहिल्या वाचनाच्या दिवशी संवाद वाचू नका. त्या दिवशी फक्त बोला. युद्धकैद्यांची छावणी आणि ज्यूंना मारण्यासाठी उभारलेल्या छावण्या या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. युद्धकैद्यांसाठी १९२९चा जिनिव्हा करार होता, त्यांना रेड क्रॉसची पार्सलं मिळत, घरी पत्रं लिहिता येत. दुसऱ्या छावण्यांमध्ये यातलं काही नव्हतं. मालिकेत लबो नावाचा फ्रेंच आचारी कैदी झालेला रॉबर्ट क्लॅरी खरोखरच त्या दुसऱ्या छावणीतून आलेला होता. पॅरिसचा ज्यू मुलगा, १९४२मध्ये पकडला गेला. हातावर नंबर गोंदलेला. ११ एप्रिल १९४५ला बुखेनवाल्डमधून सुटला तेव्हा कळलं की घरच्यांपैकी बारा जण मारले गेलेत. आमची मालिका युद्धकैद्यांची आहे, त्या छावण्यांची नाही, हा फरक तो आवर्जून सांगायचा. पुढे १९८०पासून तो शाळाशाळांत जाऊन आपली हकिगत मुलांना सांगत राहिला. २०२२मध्ये, ९६व्या वर्षी गेला. हे सगळं पोरांना सांगा. त्यानंतर गॅस, भट्टी, उपासमार यावर एकही विनोद तुमच्या नाटकात येणार नाही, आणि येता कामाही नये.

भुयारं म्हणजेही खेळ नव्हता. २४ मार्च १९४४च्या रात्री स्टालाग लुफ्त ३ या खऱ्या छावणीतून ७६ कैदी भुयारातून बाहेर पडले. त्यातले ७३ पुन्हा पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घातल्या. विनोदी नाटकात हे दाखवायचं नाही, पण भुयारात उतरणाऱ्या नटाच्या अंगात ती भीती असली पाहिजे. भीती असली तरच सुटकेचं हसू येतं.

कोणीतरी म्हणेलच, गोऱ्यांच्या युद्धाशी आपला काय संबंध? त्याला रायगडातल्या माणगावच्या नायक यशवंत घाडग्यांचं नाव सांगा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा जवान १० जुलै १९४४ला इटलीत लढताना पडला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हिंदी सैनिकही जर्मनीत ॲनाबुर्गच्या छावणीत कैदेत होते. तेव्हा तुमच्या बराकीत एक कोकणी जवान खुशाल ठेवा. मालिकेनेही अमेरिकन, इंग्रज आणि फ्रेंच एकाच बराकीत ठेवले होतेच.

पात्रनिवडीत सगळ्यात जास्त वेळ पहारेकऱ्यावर घालवा. शुल्ट्झसारखं पात्र वरवर पाहता सोपं वाटतं. जाडा माणूस, खायला दिलं की डोळे मिटतो. पण शुल्ट्झ मूर्ख नाही. त्याला सगळं दिसतं, सगळं कळतं, आणि आपल्याला काही दिसलं नाही असं तो ठरवतो. हे ठरवणं प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. तालमीत मी असं करून घेते : नटाने आधी उघडं भुयार सरळ बघायचं. पूर्ण बघायचं, घाई नको. मग हळूच कैद्यांच्या तोंडाकडे, मग पुन्हा भुयाराकडे. मग मान पूर्ण फिरवून प्रेक्षकांकडे तोंड, आणि आता वाक्य : "माका काय दिसूक नाय. माका काय ठावक नाय." वाक्य मोठ्याने म्हणायचं नाही. गोरखनाथासमोर शपथ घेतल्यासारखं, स्वतःला पटवत म्हणायचं. बघण्याआधीच जो नट मान फिरवतो त्याच्याकडून ही भूमिका काढून घ्या. आणि हे वाक्य नाटकात दोनदा-तीनदाच ठेवा, दर प्रवेशाला नको.

पहारेकऱ्याला मालवणी द्या, हे वर आलंच. कमांडंटला कडक, पुस्तकी, छापील मराठी. कोकणी जवानाला संगमेश्वरी वळण दिलंत तर आपल्याकडच्या प्रेक्षकाला दोघांतला फरक पहिल्या वाक्यात कळतो. बोलीचा असा वापर काही नवा नाही. जर्मनीत ही मालिका नव्वदच्या दशकात पुन्हा डब झाली तेव्हा क्लिंकच्या तोंडी सॅक्सनीकडची बोली घातली होती, आणि ज्यांच्या देशावर ही मालिका आहे तेच लोक ती आवडीने बघू लागले.

रेडिओ सांभाळणारा किंच हा कृष्णवर्णीय सैनिक, ते काम आयव्हन डिक्सनने केलं. १९६५च्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणूस टीव्हीवर असा हुशार, शांत आणि बरोबरीच्या नात्याने वागणारा दिसणं ही मोठी गोष्ट होती. तुमच्या नाटकात तसं पात्र असेल तर कुणाच्याही तोंडाला काळं फासू नका. शांत आवाजाचा पोरगा घ्या, बस. मुलींना सेक्रेटरीचं काम देऊन गप्प बसवू नका. बाहेरच्या भूमिगतांचा संपर्क ठेवणारी बाई हे उत्तम पात्र आहे आणि आपल्याकडे मुली पाठांतरात पुढे असतात.

आता सेट. डावीकडे बराक, उजवीकडे कमांडंटची खोली, मध्ये बोटभर अंधार. एका बाजूचा दिवा गेला की दुसरीकडचा लागतो. मालिकेत क्लिंकच्या खोलीत लपवलेल्या मायक्रोफोनचा आवाज बराकीतल्या कॉफीच्या भांड्यातून ऐकू येतो. आपल्याला अशी काहीतरी स्वतःची युक्ती हवी. उंबऱ्याशी ठेवलेली घासलेटची चिमणी, भिंतीवरचा आरसा, काहीही चालेल. सुचवायला सुताराला सांगा, तो तुमच्यापेक्षा चांगलं सुचवेल.

भुयाराचं तोंड हा या सेटचा जीव. मंडपात फळ्यांचा स्टेज बांधत असाल तर तो खालून पोकळच असतो. दुमजली खाट स्टेजच्या मागच्या अंगाला ठेवा. खालच्या खाटेच्या बरोबर खाली दोन फळ्या न ठोकता सोडा, त्या एकमेकींना आडव्या पट्टीने जोडून मागच्या बाजूला बिजागऱ्या लावा. खाटेला तळ ठेवायचा नाही, नुसती चौकट आणि वर गोणपाटाची गादी, पुढची कड दोन खिळ्यांत अडकवलेली. नटाने चौकटीवर दोन टिचक्या मारल्या की खालचा पोरगा फळी वर ढकलतो आणि गोणपाट तिच्याबरोबर उचललं जातं. खाली उतरायला शाळेचं बाकडं. स्टेजची उंची चार फुटांच्या खाली असेल तर हा नाद सोडा, माणूस वाकून डोकं आपटतो. फळीच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढा म्हणजे अंधारात दिसेल. खालचा पोरगा प्रयोगभर तिथेच, हातात बॅटरी घेऊन, दुसरं काही काम त्याला सांगायचं नाही. गावात चिऱ्याचा पक्का रंगमंच असेल तर खाली जाता येत नाही. मग खाट मागच्या पडद्याला चिकटवून ठेवा, नट खाटेखाली शिरून पडद्यामागे सरपटत जाईल. पुढच्या बाजूला घोंगडी लोंबती सोडली की प्रेक्षकाला तो जमिनीतच गेल्यासारखा वाटतो.

काटेरी तार खरी वापरू नका, पोरं धावपळीत ओरबाडून घेतात. काथ्याच्या दोरीला वीतभर अंतरावर गाठी मारून रुपेरी रंग द्या, पेट्रोमॅक्सच्या उजेडात असो की हॅलोजनच्या, ती तारच वाटते. टेहळणीचा मनोरा पोफळीच्या चार खांबांचा. त्यावर माणूस चढवायचा नाही, फक्त दिवा.

कपड्यांत पहिली गोष्ट रंग. ही छावणी हवाई दलाच्या ताब्यातली असते, म्हणून पहारेकरी आणि कमांडंट यांचा रंग निळसर राखाडी. गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, माणूस काळ्यात. हा एवढा फरक पाळलात तर काळा कपडा स्टेजवर आल्याबरोबर बाकी सगळे का गार पडतात ते न सांगता कळतं. कैद्यांचे कपडे एकसारखे नकोत : एकाला तपकिरी जाकीट, एकाला लाल स्वेटर, एकाला निळा शर्ट. घराघरातून गोळा होतात.

पहारेकऱ्याचा ओव्हरकोट मात्र शिवायलाच लागतो. मे महिन्यातल्या घामाचा विचार करून राखाडी सुती ड्रिल घ्या, अस्तर लावू नका. फक्त कॉलरला आणि पुढच्या पट्टीला बकरम, म्हणजे कोट ताठ दिसतो आणि आत वारा खेळतो. मुंढा नेहमीपेक्षा दीड इंच खाली काढा आणि काखेत कापडाची चौकोनी कळी घाला, हात वर करताना शिवण उसवत नाही. लांबी पोटरीपर्यंत. पोट हवं असेल तर कापसाची उशी बांधू नका, नट अर्ध्या तासात घामाने बेजार होतो. फोमच्या दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या कमानीसारख्या वाकवून बनियनवर शिवा, आत पोकळ राहू दे. हेल्मेट गणपतीच्या शाळेत करून घ्या. मे महिन्यात मूर्तिकार मोकळे असतात, कागदाच्या लगद्याचं हलकं हेल्मेट ते सहज करतात.

नाझी चिन्ह वर्दीवर किंवा झेंड्यावर अजिबात नको. आपल्या प्रत्येक उंबऱ्यावर, प्रत्येक कलशावर स्वस्तिक असतं, आणि समोर पूजेचा चौरंग मांडलेला असणार. तेच रूप गुंडांच्या दंडावर बघून म्हाताऱ्यांचं मन दुखावेल आणि पोरांच्या डोक्यात गोंधळ होईल. वर्दीचा रंग आणि बुटांचा आवाज पुरेसा आहे. हिटलरचा फोटोही टांगू नका. कमांडंटच्या खोलीत त्याचाच स्वतःचा मोठा फोटो लावा, माणूस कसा आहे ते तेवढ्यावरून कळतं.

मालिकेत कायम हिवाळा असतो, छपरांवर बर्फ, नट हातावर फुंकर घालतात. चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या उन्हात व्हायचं. आपल्याकडेही तेच करायचंय. थंडी दाखवताना कुडकुडू नका, ते खोटं वाटतं. हात काखेत, खांदे वर, पाय जमिनीवर एकेक करून आपटायचे, आणि बोलताना तोंड कमी उघडायचं. हजेरीच्या प्रवेशात सगळ्यांनी हे एकदम न करता आपापल्या वेळेला केलं तर समोरचा माणूस मे महिन्यातसुद्धा चादर ओढून घेतो.

टीव्हीवर मालिकेला मुद्रित हशा जोडलेला होता. त्याची नक्कल म्हणून कोणी लाऊडस्पीकरवर हसण्याचा आवाज लावायचं सुचवलं तर ठाम नाही म्हणा. प्रेक्षक हसले की नटाने थांबायचं, हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य, पूर्ण संपायची वाट बघायची नाही. हे दशावतारी नटांना फार छान जमतं. त्यांच्यातला एखादा तालमीला बोलवा आणि एक संध्याकाळ फक्त यावर घालवा. बराकीतल्या प्रवेशांत पोरांना पदरचं बोलायची मोकळीक द्या, पण काळ्या वर्दीवाल्याच्या प्रवेशात शब्द इकडचा तिकडे होऊ देऊ नका. तिथे प्रेक्षकाला श्वास रोखायला लागला पाहिजे.

प्रयोगाच्या रात्री पडदा उघडण्याआधी मंडळाच्या अध्यक्षांना दोन मिनिटं बोलू द्या, पण काय बोलायचं ते लिहून द्या : हे युद्धकैद्यांचं काल्पनिक नाटक आहे, ज्या छावण्यांत लाखो निरपराध माणसं मारली त्यांवर यात विनोद नाही, आणि आपल्या भागातले जवानही त्या युद्धात होते. त्यानंतर देणगीदारांची नावं वाचायला घेऊ देऊ नका, ती मध्यंतरात. लगेच दिवे घालवा, बुटांचा आवाज, शिट्टी, आणि हजेरीची रांग.